खरीखुरी चूक

इथे आखातात, वादी कबीर भागातल्या आमच्या बिल्डिंगखाली दुपारी आम्ही चार-पाच बायका सावली धरून उभ्या असायचो. शाळेची व्हॅन आली की पोरांच्या पाठीवरची दप्तरं उतरायच्या आत प्रश्न ठरलेला, ‘‘पेपर मिळाले? किती पडले?’’ आधी मार्क, मग पाणी. माझी मान त्या घोळक्यात अंमळ ताठच असायची. चौथीतली माझी लेक पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर बघून, कुठला आकडा कशाने भागला जातो ते जिना चढता चढता सांगायची. सगळ्या बिल्डिंगला तिचं कौतुक.

समोरच्या फ्लॅटमधलं कुटुंब रत्नागिरीकडचं. तिथल्या भाभींच्या मिस्टरांचं गाला भागात गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. त्यांची मुलगी आणि माझी एकाच वर्गात, व्हॅनमध्ये एकाच सीटवर. भाभी माझ्या लेकीच्या गालाला हात लावायच्या आणि त्याच दमात स्वतःच्या पोरीला म्हणायच्या, ‘‘बघ, शीक जरा हिच्याकडून.’’ आमच्याकडे असं बोलणं म्हणजे मायाच समजतात, त्यामुळे कुणाला काही खटकायचं नाही.

मग लेकीचे गणिताचे मार्क घसरले. एकदा नव्हे, पाठोपाठ. नवऱ्याने टॅबलेट कपाटात कोंडला. टीचर म्हणाल्या, मुलगी बोअर होत असेल, वरच्या वर्गाचं पुस्तक द्या. मी पुस्तक आणलं आणि तिच्या शेजारी बसले. ती मुकाट सोडवायची, सगळं बरोबर. शाळेत मात्र तेच गणित चुकायचं. माझं डोकं फिरायची वेळ आली.

एक दिवस गवार मोडता मोडता मी तिला चुकलेलं गणित मोठ्याने वाचून दाखवलं. माझं वाक्य संपायच्या आत तिने उत्तर दिलं. अचूक. आणि जीभ चावली.

‘‘मग पेपरात का चुकवलंस?’’

ती शेंगांशी चाळा करायला लागली. मग म्हणाली, ‘‘मला फुल मार्क मिळाले की तिला घरी ओरडतात. मग ती नेक्स्ट डे माझ्या बाजूला नाही बसत. कोणीच नाही बसत, मम्मी.’’

गवार तशीच टाकून मी समोरची बेल वाजवली. तावातावातच गेले होते. भाभी भाकऱ्या थापत होत्या. मी सगळं सांगितलं तशा त्या पिठाच्या हातांनीच खाली बसल्या. ‘‘वहिनी, मी तर चांगल्यासाठी बोलायचे हो. पोरीला एवढं लागत असेल, मला काय ठाऊक?’’ माझा ताव कुठल्या कुठे गेला. आम्ही दोघींनी ठरवलं की व्हॅनपाशी मार्क विचारायचेच नाहीत. ‘‘आजपासून खलास,’’ भाभी म्हणाल्या. बाकीच्या बायकांना पटवायला थोडे दिवस लागले, पण पटलं.

भाभींकडून आले त्याच संध्याकाळी मी लेकीला जवळ घेऊन सांगितलं, की आता बिनधास्त लिही, तुझ्यामुळे तिला कुणी बोलणार नाही. वाटलं होतं, ती हुश्श करेल. तिने माझ्याकडे नीट बघितलं.

‘‘पण मम्मी, आता मी खरंच चुकले, तर तू बिलीव्ह करशील?’’

हुशार हुशार म्हणत आम्ही त्या पोरीला साधं चुकायलाही जागा ठेवली नव्हती. मला रडू आलं, तिला दिसू नये म्हणून मी तिचं डोकं छातीशी धरलं आणि म्हटलं, ‘‘करीन.’’

पुढच्या टेस्टचा पेपर तिने आपणहून दाखवला. एक गणित चुकलं होतं, सोपंसं, भागाकाराचं.

‘‘खरंच चुकलं,’’ ती म्हणाली.

त्याच आठवड्यात समोरची पोरगी आजारी होती आणि तिचा पेपर फार वाईट गेला होता, हे मला ठाऊक होतं. हे तिच्यासाठी मुद्दाम तर नाही ना, हा प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर आला. लेक माझ्या तोंडाकडे बघत होती.

‘‘बरं,’’ मी म्हटलं. ‘‘हात धू, जेवायला वाढते.’’

ती उड्या मारत बेसिनकडे गेली. ते गणित खरंच चुकलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.