टोचलेला मोर

अमीरबीचे वडील गैबी नक्षीवाले संस्थानाच्या काळात हत्तीच्या झुलीवरची नक्षी काढायचे. जरीचं काम करणारे दुसरे. पण कागदावर मोर उठल्याशिवाय मखमलीला सुई लागत नसे. संस्थान गेलं, हत्ती गेले, लेकीच्या हातात पेन्सिल राहिली. ती बायकांच्या पदरांसाठी, उशांच्या अभ्र्यांसाठी नक्षी काढायची. बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय तिनं कधी रेघ ओढली नाही.

काढलेल्या रेघांवर सुईनं भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलात कालवलेल्या निळीचा बोळा फिरवायचा. कापडावर ठिपक्यांची नक्षी उठे, मग बायका ती भरत. टोचायला शेजारची लीला यायची. नवरा गेल्यापासून ह्याच कामावर तिची चूल पेटत होती.

सदुसष्ट-अडुसष्टची गोष्ट. गल्लीतल्या झुंबरबाईनं लेकीच्या लग्नाच्या पदरासाठी मोर काढून घेतला. मान मागं वळवलेला, चोचीत आंब्याचं पान. "असा दुसरा मोर कोल्हापुरात दिसायचा न्हाय," असा अमीरबीनं शब्द दिला होता. लग्न तोंडावर आलं आणि झुंबरबाई दारात उभी.

"तुझा मोर रंकाळ्यावर हवा खायला गेलाय की! परक्या बाईच्या पदरावर बघून आले. तीच मान, तेच पान."

"कागद माझ्या पेटीत हाय. किल्ली गळ्यात."

"मग काय उडून गेला व्हय?"

त्या दिवसापासून अमीरबीचं लक्ष टोचणाऱ्या हातावर. लीला लवकर का उठली? पदर एवढा आवळून का धरलाय? दारात तिच्या नव्या चपला दिसल्या.

"कुठनं आणल्यास?"

"जोतिबाच्या जत्रेतनं. का वो आपा?"

"सहज."

सहज कसलं! चार दिवस तिनं तो सल मनात ठेवला आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "उद्यापास्नं येऊ नगंस. माझं मी टोचीन."

लीलाच्या हातातली सुई थांबली. "अंबाबाईची शपथ, आपा, मी कागद बाहीर न्हेला न्हाय."

"मी कागदाचं नाव तरी काढलं का?"

"तुमचं डोळं काढत्यात की रोज," लीला म्हणाली आणि चपला घालून गेली.

अमीरबीनं पोपटांची जोडी काढली. दाराला कडी लावून, खाली वडिलांच्या रीतीनं रद्दीची जाड घडी घालून, एकटीनं टोचली. दिवाळीच्या आत पलीकडच्या बोळात दोरीवर वाळणाऱ्या अभ्र्यावर तेच पोपट चोचीला चोच लावून बसले होते.

आता संशय घ्यायला घरात मांजर तेवढी उरली.

मग एके दुपारी आकारामच्या दुकानातनं तिनं गूळ आणला. पुडी सोडून कागद उंबऱ्याशी झटकला, तर त्यातनं ऊन ठिपक्याठिपक्यांनी भुईवर पडलं. एक चोच. एक पंख. तिचाच पोपट!

तिनं कागद उलटापालटा करून बघितला. टोचताना खाली घातलेली तिचीच रद्दी. घडीतल्या प्रत्येक कागदाला भोकं पडत होती, आणि ती रद्दी दर महिन्याला आकारामला नेऊन घालणारी ती स्वतःच. नक्षी भरणाऱ्या कुणा बाईनं पुडी उजेडाला धरली असेल, झालं.

तो कागद घेऊन ती लीलाच्या दारात गेली. लीलानं तो उन्हात धरला, बघितला, परत दिला.

"खाली रद्दी नगं. गोधडीची घडी घाला," एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. मान खाली घालून टोचलं, सुई डबीत ठेवली. निघताना उंबऱ्यावर थांबली आणि अमीरबीच्या समोर पदर सोडून चांगला झटकला.

"बघून घ्या, आपा."

"असं नगं करूस गं," अमीरबी म्हणाली.

लीला पुढं कितीतरी वर्षं टोचायला आली. रोज जाताना ती पदर झटकायची आणि अमीरबी पेन्सिलीला टोक काढत बसायची.