कापराचं तेल

मला औषधं सांगायची भारी हौस होती. महाडच्या शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज. कुत्र्याचं पोट बिघडलं की दहीभात, गोचीड झाली की करंजाचं तेल. शेजारीपाजारी विचारायचे आणि मी फुगून उत्तरं द्यायचे.

वडील गावी, तुडीलला एकटे राहतात. आई गेल्यावर एक पांढरी मांजरी आपणहून त्यांच्या घरात आली नि राहिली. आयुष्यभरात आईशी बोलले नसतील एवढं ते तिच्याशी बोलत. फोनवरही तिचंच पुराण. आज भाकरीला तोंड लावत नाही, आज भाताच्या टोपलीत झोपली. मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायचे आणि ते मला तिने मारलेल्या उंदराची हकीकत सांगायचे. मला त्या मांजरीचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

मार्चमध्ये तिच्या मानेवरचे केस झडायला लागले. खाजवून खाजवून रक्त काढायची. वडील म्हणाले, "महाडला डाक्टरकडं नेऊ. मी पिशवीत घालून आणतो." एवढ्याशा खरजेला डॉक्टर कशाला, म्हणून मीच त्यांना गप्प केलं. आधी सव गावच्या गरम झऱ्याचं पाणी कॅनमध्ये भरून नेलं. तिथल्या आंघोळीनं माणसांची खरूज जाते म्हणतात, मग मांजरीची का नाही जाणार? तिने माझे दोन्ही हात ओरबाडले आणि माळ्यावर जाऊन बसली. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी हट्टाला पेटले होते.

पुढच्या रविवारी खोबरेल कोमट करून त्यात कापूर विरघळवला. सर्दी असो, खाज असो, आम्हा भावंडांना आई हेच चोळायची. वडील पडवीत बसून बघत होते. म्हणाले, "बैलाला लाव, म्हशीला लाव. मांजरीला काय लावू नको गो. ती चाटते. सगळं पोटात जातं." गुरांची दुखणी काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. मी हसले. म्हटलं, "बाबा, नैसर्गिक आहे सगळं. त्याने काय होतंय?" आणि त्यांनाच तिला धरायला लावलं. मानेपासून शेपटीपर्यंत चांगलं वाटीभर तेल चोळलं.

सुटल्यावर ती अंगणात उन्हाला बसली आणि अंग चाटू लागली. अंगावर थेंब ठेवायचं नाही ते जनावर. तासाभरात तोंडातून लाळ गळायला लागली, मग पाय ताठ झाले आणि झटके सुरू झाले. वडिलांनी तिला टॉवेलात गुंडाळलं, मी गाडी काढली. महाडच्या डॉक्टरांनी तिच्या अंगाचा वास घेतला आणि विचारलं, "कापूर कुणी लावला?" मांजराला तो विषासारखा असतो, म्हणाले. इंजेक्शन दिलं, पण ती टेबलावरच गेली. मी विज्ञानाची बाई. मांजर अंग चाटतं हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं.

वडिलांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. गावात ज्याने विचारलं त्याला सांगितलं, "फुरसं चावलं." मी शेजारी उभी होते, तरी तोंड उघडलं नाही. त्यांनी चारचौघांत माझी अक्कल काढली असती तर मला सोसलं असतं. हे सोसत नव्हतं.

महिन्याभराने फोनवर मी म्हटलं, शाळेतल्या एका बाईंकडे पिल्लं झाली आहेत, एक आणू का?

"नको."

"का? एकटे असता तुम्ही."

"तू येतेस ना दर रविवारी."

मला बरं वाटलं. माझं येणं त्यांना पुरे आहे, असं मी समजले.

"म्हणून नको म्हणतो," ते म्हणाले. "तुझं हात गप राहायचं नाय."