अण्णा तबेल्यात का राहतात

जीप केव्हाची घुरघुरत उभी होती आणि अण्णा पारावरून उठायला तयार नव्हते. आईला जाऊन दोन महिने झाले होते. धाकटा दिगू लातूरला एका खोलीत संसार मांडून बसलेला. गावात अण्णांच्या पुढ्यात ताट ठेवायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी त्यांना पुण्याला, वाकडला न्यायला आले होते. त्यांच्या कपड्यांची पिशवी एक आणि तळ्याच्या गाळाची पोती दोन. "पोती येत असतील तर मी येतो," अण्णा म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, सहाव्या मजल्यावर ती माती काय माझ्या डोक्यावर ठेवू? तेव्हा तुम्ही सगळी भावकी कडेला उभी होतात, आठवतंय ना? "ने की गं, जीपला काय जड हाय का?" म्हणालात. जीपला नव्हतंच जड. निस्तरायचं मला होतं.

आणि आता तुम्हीच गावच्या ग्रुपवर लिहिताय की लेकीनं बापाला तबेल्यात टाकलं. जे गावात राहिले ते लिहितात, आणि जे गाव सोडून सुरतेला, हैदराबादला, दुबईला गेले ते खाली रडके चेहरे चिकटवतात. शाब्बास! म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून टाकते. वाचा आणि मग माझ्या डोक्याचा ताप कमी करा.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. तळवड्यात कपबश्यांवरचं चकचकीत ग्लेझ बनवणारी छोटी कंपनी आहे, तिथं मी लॅब सांभाळते. मी शिकून नोकरीला लागले तेव्हा "कुंभाराची पोर चिखलातून सुटली" म्हणून तुम्ही पेढे खाल्ले होते. कुठली सुटतेय! दिवसभर चायना क्ले, फेल्डस्पार, गारगोटीची पूड. राजस्थानातून, गुजरातेतून पोती येतात, प्रत्येक पोत्याबरोबर टेस्ट रिपोर्ट. तोंडाला मास्क लावून मी ते तपासायचं आणि घरी आलं की बाल्कनीत अण्णा ड्रममध्ये गाळ भिजवत बसलेले.

त्या ड्रममधलं पाणी त्यांनी आठवडाभर बाथरूममध्ये ओतलं. पाइप गच्च तुंबला आणि पाचव्या मजल्यावरच्यांच्या न्हाणीतून गावच्या तळ्याचं पाणी वर आलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर लिहिलं, 'कृपया वडिलांचा छंद आवरावा.' अण्णांनी मला विचारलं, "छंद म्हंजे?" काय सांगणार? ज्याच्यावर आपल्या सात पिढ्या जेवल्या त्याला इथं छंद म्हणतात, हे सांगायला माझी जीभ रेटेना. मी प्लंबरला फोन लावला.

बरं, एवढं करून मडकी तरी धड झाली का? वाळतानाच तडकली. अण्णांचं म्हणणं, मातीत लीद नाही म्हणून तडकली. गावाकडं दारात आपली गाढवं असायची, लीद आणि राख हवी तेवढी मिळायची. "एवढ्या मोठ्या शहरात एक गाढव न्हाई?" मी म्हटलं, अण्णा, आहेत पुष्कळ, पण त्यांची लीद उपयोगाची नाही.

मी कंपनीतून चायना क्लेचं पोतं आणून दिलं. पांढरीशुभ्र, मऊ माती. अण्णांनी आपल्या सवयीनं चिमूट जिभेवर ठेवली. "हिला चवच न्हाई. ही माती न्हाई बाई, ही पावडर हाय." मी ओरडले की कच्चा माल तोंडात घालायचा नसतो, आणि ही माती भाजायला आमच्या कंपनीसारखी कडक भट्टी लागते. "मग तुमच्या भट्टीलाच लखलाभ," म्हणाले. पवनेकाठचा गाळ आणून दिला, तोही चाखला आणि थुंकून टाकला. "साबण हाय ह्यात."

हे सगळं मी हसत सहन केलं असतं. पण अण्णा सोफ्याच्या अगदी कडेला बसायचे. पंखा लावायचा तरी "लावू का?" विचारायचे. भाकरी हवी असली तरी मागायचे नाहीत. लेकीच्या घरी मागू नये म्हणे. आणि रोज संध्याकाळी मी दार उघडून आत आले की एकच प्रश्न, "मी कवा जाऊ गावाकडं?" कुठं जाणार होते? त्या रिकाम्या घरात एकटे पडून राहिले असते आणि कधी गेले ते शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं असतं. मला रात्रंदिवस तेवढीच भीती होती.

मग एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये लग्न होतं. सकाळी वरातीला पांढरी घोडी आली. दुपारी बघते तर अण्णा घरात नाहीत. खाली नाहीत, बागेत नाहीत. वॉचमन म्हणाला, "बाबा कॅरीबॅग घेऊन घोडीच्या मागं गेले." कप्पाळ माझं! आमचे हे गाडी घेऊन एका बाजूला, मी रिक्षानं दुसऱ्या बाजूला. शेवटी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. "ताई, मी रशीद, कासारवाडीतून. तुमचे बाबा आमच्या घोडीमागं चालत आलेत. ठीक हायेत. चहा पितायत."

वाकडपासून कासारवाडीपर्यंत! अण्णांच्या खिशात माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती म्हणून निभावलं. मी पोचले तेव्हा अण्णा तबेल्याच्या अंगणात मांडी घालून बसले होते, ऐसपैस. मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. रशीदभाई मध्ये पडले. "ताई, रागवू नका. लीद उचलायला माणूस मिळत नाय आम्हाला. बाबा रोज आले तर आमचीच नड भागंल."

आणि अण्णा रोज जायला लागले. सकाळी बस पकडून नाशिक फाट्याला उतरायचं, अंधार पडायच्या आत परत. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी जाहीर केलं, "कडब्याची खोली रिकामी हाय. मी तिथंच ऱ्हातो." मी रडले, भांडले, आमचे हेही समजावून थकले. लोक काय म्हणतील, असंही विचारलं. (बघा, तुमचं नाव तेव्हाच घेतलं होतं.) अण्णा म्हणाले, "तुझ्या घरी मी पाव्हणा हाय बाई. पाव्हण्यानं किती दिस ऱ्हावं?"

तिथं तरी सगळं सुरळीत झालं असेल असं समजू नका. एका बिल्डिंगच्या खड्ड्यातली काळी माती त्यांनी चाखून पास केली. मी लॅबमध्ये तिच्यावर ॲसिडचा थेंब टाकला तर फसफसली. मी सांगितलं, हिच्यात चुनखडी आहे, माठ फुटतील. "माझी जीभ खोटं बोलत न्हाई." लीद मिसळली, बेकरीतली राख मिसळली, कुंपणाच्या टोकाला मडकी भाजायचा आवा लावला. माठ निघाले लालबुंद, देखणे. आणि चार दिवसांत प्रत्येकाला खपल्या सुटल्या, आत चुनखडीचे पांढरे ठिपके. मी म्हणाले नव्हते का, असं म्हणायला तोंड उघडलं, पण अण्णांचा चेहरा बघून मिटलं. दुसऱ्या दिवशी कंपनीतली टाकून दिलेली बारीक जाळीची चाळणी मागून घेतली आणि त्यांच्यापुढं ठेवली. आता माती पातळ कालवून त्या चाळणीतून गाळून घेतात. माठ टिकतात. नेहमीच टिकतात असंही नाही.

तर हा तुमचा तबेला. पत्र्याची खोली आहे, दारात अण्णांचं चाक आहे, पंखा आहे, डास आहेत. दुपारचं जेवण रशीदभाईंच्या घरून येतं, रात्री अण्णा स्वतः भाकऱ्या थापतात. "मी कवा जाऊ?" हा प्रश्न त्यांनी तिथं एकदाही विचारलेला नाही. बापाला असं ठेवून मला बरं वाटतं का? नाही वाटत. अजूनही कुढते मी. पण ठेवणारी मी कोण, ते स्वतः राहिलेत.

आई गेल्यावर दिवसांना तुम्ही बायका मला जवळ घेऊन म्हणाला होतात, आता तुझं माहेर संपलं गं. मीही तेच धरून बसले होते. गावच्या घराला कुलूप, किल्ली दिगूकडं, मी कुणाकडं जायचं? परवा ह्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं. कारण विचारू नका, घरोघरी मातीच्या चुली. मी पिशवी उचलली. लेकीनं विचारलं, "आई, कुठं चाललीस?" माझ्या तोंडून फाडकन निघून गेलं, "माहेरी." आणि मी कासारवाडीची बस धरली.

अण्णा चाकावर होते. माझा अवतार बघून त्यांनी चाक थांबवलं, हात धुतले आणि चूल पेटवली. मी घडाघडा सगळं सांगितलं, ह्यांचं कसं चुकलं, किती चुकलं. अण्णांनी ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाले, "तुझंच चुकलं असंल. जेव आधी."