लतिकाने निवडलेलं पुस्तक

लतिका खरवडे भोळी होती असं म्हणायची सोय नाही. एकसष्ट वर्षांची बाई, तीस वर्षं दीक्षितपुऱ्यात मुलांना पियानो शिकवत आलेली. तिला माणसं कळत नव्हती थोडीच? तरी सदरमधल्या नव्या शाळेच्या प्राचार्यांनी बोलावून लहान मुलांसाठी पियानोची पुस्तकं निवडायला सांगितली, तेव्हा ती हुरळून गेली. पुस्तक जो निवडतो तोच शिकवतो, असं तिने परस्पर ठरवून टाकलं. कोणी तसं म्हटलं नव्हतं, आणि तिने विचारलंही नाही. विचारण्यात तिला कमीपणा वाटला.

तिच्याकडे आता एकच शिष्या उरली होती, सहा वर्षांची वैभवी. बाकीची मुलं मोबाइलवर शिकायला लागली होती. ही नोकरी हुकली तर घरातल्या पियानोवर नुसते कपडे वाळत पडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने बारा पुस्तकं मागवली. चित्रांनी भरलेली पहिल्याच दिवशी बाद. प्रत्येक स्वरावर बोटाचा आकडा छापलेल्यांवर तर तिचा फार राग. मूल आकडे बघून बोटं हलवतं आणि स्वर वाचायला शिकतच नाही. म्हणून ती पट्टीने आकडे झाकायची आणि वैभवीला वाजवायला लावायची. पोर अडली की पुस्तक बाजूला. वैभवी रडकुंडीला यायची, पण लतिकाला दयामाया नव्हती. दहा दिवस हा छळ चालला.

बारावं पुस्तक मात्र वेगळं निघालं. वैभवी आठव्या पानापर्यंत दोन्ही हातांनी वाजवत गेली, बाईंकडे एकदाही न बघता. लतिकाला इतका आनंद झाला की तिने पोरीला चक्क शाबासकी दिली. मग कोणतं पान कधी घ्यायचं, मुलं कुठे चुकतात, सगळं चार कागदांवर लिहून ती शाळेत गेली.

प्राचार्यांनी कागद नीट वाचले, तोंडभरून कौतुक केलं आणि शेजारी बसलेल्या चोवीस वर्षांच्या रुचिराच्या हातात दिले. रुचिराची नेमणूक मागच्याच महिन्यात झाली होती.

"बहनजी, आपने तो हमारी टीचर का काम आसान कर दिया," प्राचार्य म्हणाल्या.

लतिका "अच्छा" म्हणाली आणि पुढ्यातला चहा संपवून उठली. ऑटोत बसल्यावर तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त स्वतःचा राग आला.

पुढच्या सोमवारी वैभवीची आई, प्रणाली, एकटीच दारात आली. वैभवी त्याच शाळेत होती.

"बाई, वैभवीला शाळेतून मिळालेलं ते पुस्तक मागच्या वेळी इथंच राहिलं. शाळेत आता तेच शिकवून राहिले, म्हणून इथली शिकवणी बंद."

लतिकाने पुस्तक आणून दिलं. जन्मात तिने कोणाची मनधरणी केली नव्हती. ती आता केली.

"प्रणाली, आठवड्यातून एक दिवस तरी पाठवशील तिला?"

प्रणालीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिने खरं तेच सांगितलं.

"काहून पाठवू, बाई? ह्या पुस्तकावर ती आपली आपणच बसते. तिला कोणी लागतच नाही. इतकं चांगलं पुस्तक तुम्हीच तर निवडलं."