सुकटीवर आळ

पेणजवळच्या जोह्यातल्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी मी करायचे. हातात बारीक कुंचला आणि तोंड मूर्तीपासून वीतभर अंतरावर. एक दिवस शेठने बाजूला घेऊन सांगितलं, तुझ्या तोंडाला वास येतो, गिऱ्हाइकं कुजबुजतात. सुकट खाणं सोड, तोवर मागे बसून मूर्ती घास. वीस वर्षं देवाचे डोळे लिहिणाऱ्या बाईच्या हातात त्याने पॉलिश पेपर दिला. मला रडू नाही आलं, संताप आला.

वास खरा होता, तेही कबूल करते. म्हणून सुकट सोडली, कांदा सोडला, लवंगा चघळल्या. मशेरी तर दिवसातून चारदा लावायला लागले, कारण आमच्याकडे मशेरीने तोंड साफ होतं असंच मानतात. पंधरा दिवसांनी वास होता तसाच, वर जेवणाची चव गेली ती वेगळीच.

शेवटी एसटीने पेणला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, मशेरीने हिरड्या खराब झाल्यात, ती आधी बंद करा, जीभही घासत जा. मग विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? मी म्हटलं, कारखान्यात घोटभर. तिथे बायकांना संडास नाही आणि मागच्या शेतात सदा माणसांचा राबता. आम्ही आठही जणी संध्याकाळपर्यंत तहान मारून बसायचो. तोंड असं कोरडं पडल्यावर वास येणारच, त्या म्हणाल्या. सुकटीवर उगाच आळ.

मशेरीची डबी त्याच दिवशी उकिरड्यात गेली. दुसऱ्या सकाळी शेठसमोर उभी राहून मी पाण्याची अख्खी बाटली प्यायले. अकराच्या सुमारास उठले, गिऱ्हाइकं बसली होती त्या ओटीवरून सरळ कारखान्याला लागूनच असलेल्या त्याच्या घरात शिरले आणि संडासात गेले. बाहेर येते तर बाकीच्या सातही जणी रांगेत उभ्या.

शेठ तणतणत आला. हे घर हाय का धर्मशाळा, असं विचारू लागला.

"सुकट सोडून बघितली, शेठ. वास नाय गेला," मी म्हणाले. "आता आम्ही पाणी पिणार. रोज. आणि रोज तुमच्या ओटीवरूनच जाणार."

चार दिवस आम्ही तसंच केलं. पाचव्या दिवशी कारखान्यामागे विटा येऊन पडल्या.

नव्या संडासाला दार लागलं, तोवर तोंडाचा वासही गेला होता. त्या दिवशी मी डब्यात सुकट नेली. पोटभर खाल्ली, खळखळून चूळ भरली आणि आखणीच्या माझ्या जागेवर जाऊन बसले. कुंचला मी कुणाकडे मागितला नाही, माझा मीच उचलला.