हॅलवेलचं छत

गिलाव्याच्या कामात एनॉक लस्कमचा हात धरणारा आमच्या डेव्हनच्या या पट्ट्यात कोणी नव्हता. आणि हाच माणूस बारा वर्षं एका छताला घाबरून जगला. ते छत त्यानेच घातलेलं होतं.

फ्रेंचांशी चाललेली लढाई संपल्यावर कॅप्टन ट्रेगार गबर होऊन परतला. आल्या आल्या त्याने टेकडीवरचं जुनं शेतघर पाडलं आणि तिथे हॅलवेल हाऊस उभं केलं. घर विटांचं, पण वरून पांढरा गिलावा, आणि गिलाव्यावर रेघा ओढून दगडाचं सोंग. समोरची भिंत पोट काढल्यासारखी गोल, खिडक्या थेट जमिनीपर्यंत, आणि त्यांच्यापुढे व्हरांडा, त्यावर तंबूसारखं वाकवलेलं तांब्याचं छप्पर. बडा घर पोकळ वासा, असं आमची म्हातारी माणसं म्हणत. पण रविवारी चर्चहून परतताना तीच माणसं वाट वाकडी करून ते बघायला जात.

दिवाणखान्याच्या छताचा गिलावा एनॉकने कालवला, चुना, रेती आणि गाईचे केस घालून. चुना ताजा होता, पण काम लगेच सुरू व्हायचं होतं, म्हणून त्याने केस तेव्हाच घातले. मग कॅप्टनचं ठरेना. छताच्या मध्यावरच्या नक्षीत द्राक्षं हवीत की शंख? यात तीन आठवडे गेले, आणि ढीग पोत्यांखाली पडून राहिला. ताज्या चुन्यात केस फार दिवस राहिले की चुना केस खातो, हे एनॉकला बापाने पहिल्यांदा थापी हातात देतानाच सांगितलं होतं. शेवटी शंख ठरले तेव्हा त्याने ढिगाच्या कडेचा माल थापीवर घेतला आणि थापी तिरकी केली. केस शाबूत असले की गोळा लोंबतो, तुटत नाही. हा तुटून पायांवर पडला.

नवा माल मुरवायला महिना लागला असता. कॅप्टनचे पाहुणे पुढच्याच शनिवारी बाथ शहरातून यायचे होते. लस्कमांचा माल बिघडला हे सांगायची लाज वाटली, आणि एनॉकने तोच माल लावला. मध्यभागी वासराच्या वजनाचं शंखांचं कडं बसवलं. पाहुण्यांनी माना वर करून वाहवा केली. एनॉक मात्र दाराबाहेरच उभा राहिला.

तेव्हापासून वारा सुटला की त्याचा घास हातातच थांबे. काही ना काही निमित्त काढून तो हॅलवेलला जाई, दिवाणखान्याच्या उंबऱ्यावरूनच वर बघे आणि आत पाऊल न टाकता परत फिरे. शेजारच्या गावात एका घराचं छत जेवणाच्या टेबलावर कोसळलं आणि वाढपी जागच्या जागी गेला. गुत्त्यात कोणीतरी विचारलं, काम कोणाचं होतं? एनॉक प्याला अर्धा टाकून उठला, आणि ते काम त्याचं नव्हतंच.

आणि अशात त्याची मुलगी टॅम्सिन सतराव्या वर्षी हॅलवेललाच कामाला लागली. बायको गेल्यावर एनॉकने पोरीला एकट्याने वाढवलेलं. त्याने नाना सबबी सांगितल्या. टेकडी चढायची, स्वयंपाकीण खाष्ट आहे, थंडी फार. पोरगी हसली.

"बाबा, तुम्ही त्या घरात महिनोन्‌महिने राबलात. मला तिथली थंडी बाधेल होय?"

खरं कारण त्याच्या जिभेवर आलं आणि त्याने ते गिळलं. मला याचा अजून राग येतो. भित्रा माणूस दुष्ट नसतो म्हणतात, पण त्याच्या भित्रेपणाचं ओझं दुसराच वाहतो. टॅम्सिन रोज सकाळी दिवाणखान्यात गुडघे टेकून शेकोटीतली राख काढायची, बरोबर त्या शंखांखाली. असे दोन हिवाळे गेले. एनॉक चर्चमध्ये एकच मागणं मागायचा, आणि घरी येऊन गप्प बसायचा.

फेब्रुवारीत ती रविवारची घरी आली तेव्हा हसत म्हणाली, की हल्ली गालिच्यावर रोज पांढरी भुकटी पडते, झाडून झाडून जीव जातो. कुठे पडते, एनॉकने विचारलं. मधोमध, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उजाडताच टेकडीवर धावत गेला. मागच्या दाराने जायचं भान राहिलं नाही. व्हरांड्यातली उंच खिडकी उघडी होती, तिथूनच तो चिखलाच्या बुटांनी आत शिरला. टॅम्सिन शेकोटीपुढे वाकली होती. त्याने तिला दंडाला धरून फरफटत व्हरांड्यात आणलं. आरडाओरडा ऐकून कॅप्टन चहाचा कप घेऊन आला. एनॉकने सगळं सांगितलं, चुना, केस, तीन आठवडे, सगळं.

"बारा वर्षं माझ्या डोक्यावर हे टांगून ठेवलंस, लस्कम?" कॅप्टन म्हणाला. "आता तूच पाड."

खोली रिकामी केली, परांची बांधली. एनॉकने दोन माणसं बरोबर घेतली आणि टिकाव उचलला. पहिला घाव घालताना त्याने डोळे मिटले. काहीच झालं नाही. दुसऱ्या घावालाही नाही. छत पाडायला तीन माणसांना दोन दिवस लागले. प्रत्येक तुकडा आतल्या लाकडी पट्ट्यांना असा धरून बसला होता की पहारीने उपटावा लागला, आणि तुटल्या कडांतून तांबूस केस दाट बाहेर आलेले. चुन्याने केस खाल्ले होते ते फक्त ढिगाच्या कडेचे. पांढरी भुकटी म्हणजे नुसत्या वरच्या रंगाचे पोपडे होते.

एनॉक मलब्यात मटकन बसला. आधी हसला, मग रडला. टॅम्सिन दारात उभी होती. तो तिला म्हणाला, "पोरी, भक्कम होतं गं. कधीच पडणार नव्हतं."

टॅम्सिनने मलब्यातला एक शंख उचलला.

"पण तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला वाटत होतं पडणार. आणि तरी दोन हिवाळे तुम्ही मला त्याच्याखाली बसू दिलंत."