परवानगीचं कुंकू

मित्रहो, शाहूपुरीतल्या थिएटरातून आत्ताच घरी आलोय आणि किळस अजून जात नाही.

वहिनीला घेऊन गेलो होतो. ज्या कादंबरीवर हा सिनेमा काढलाय, ती तिनं दादा गेल्यावर वाचली होती. त्यातली विधवा पुतण्याच्या हळदीला भरल्या मांडवात स्वतःच्या हातानं कुंकू लावते. कुणाला विचारत नाही. ते वाचून वहिनीही कुंकू लावायला लागली.

पडद्यावर काय? ती बाई कोपऱ्यात रडत उभी. दीर येतो, भाषण ठोकतो, करंडा पुढं करून म्हणतो, "लाव, माझी परवानगी आहे." थिएटर टाळ्यांनी दणाणलं.

शेजारचे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "दीर असावा तर असा!"

वहिनी म्हणाली, "पावणं, पुस्तकात दीर गप्प बसलाय. तिनं कुणाला इचारलंच न्हाय की!"

"मग पिक्चर कसा चालंल, ताई?"

मीही दीरच आहे. वहिनीच्या कपाळावरचं कुंकू मी दिलेलं नाही. ते तिचं धाडस. आज तिच्यासमोर ते एका पुरुषाच्या नावावर चढवलं गेलं.

बाईनं न विचारता कुंकू लावलं, तर टाळीसाठी आपले हात उचलत नाहीत का?